पहिल्या गाडीचा मान

बाबांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'अकाउंट एक्झिक्युटिव्ह' असं छापलेलं आहे. त्यामुळे आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांना ते बँकेत आहेत असंच वाटतं. वरच्या माळ्यावरचे रूपराव काका दर मार्चमध्ये टॅक्सचा कागद घेऊन येतात. "अंकुशभाऊ, जरा हा फारम पाहून द्या नं." बाबा चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "रूपरावजी, मी जाहिरातवाला आहो." रूपराव काका म्हणतात, "हो, तेच नं जी," आणि फॉर्म टेबलावर ठेवून चालले जातात.

अंकुश झाडे, वय एक्कावन्न. नागपूरच्या एका जाहिरात एजन्सीची वर्धा शाखा म्हणजे बाबा. जोड्याच्या दुकानावरच्या माडीवर एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची येणाऱ्यांसाठी. पण येतं कोण? बाबांनाच सगळीकडे जावं लागतं. बीकॉम झाल्यावर, लग्नाच्या आधी, ते इथं लागले आणि पंचवीस वर्षं जिल्हाभर फिरत राहिले. आधी लूना होती, मग स्कूटर, आता अॅक्टिवा. सुरुवातीला जाहिरातीचा मजकूर पाकिटात घालून नागपूरच्या एसटीत कंडक्टरच्या हातात द्यायचे आणि बस सुटेपर्यंत स्टँडवर उभे राहायचे. एकदा पाकीट नागपूरला न उतरता तसंच भंडाऱ्याला गेलं, तर एका कोचिंग क्लासचे गुणवंत विद्यार्थी दोन दिवस उशिरा गुणवंत झाले. पुढं सीडी आली, मेल आला, आता सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं. बसायचं मात्र तेवढंच राहिलं.

कारण बाबांचं खरं काम बसायचं. जाहिरातीसाठी देवळीच्या साडीवाल्याकडे बसायचं, बिलासाठी सावंगीच्या क्लासवाल्याकडे बसायचं. "सेठ जेवून राह्यले." "सेठ पूजेत आहे." "सेठ आत्ताच गेले नं जी, तुम्हाले रस्त्यात भेटले नाई का?" नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती वेगळ्याच. त्यात एक मोठा फोटो नेत्याचा आणि खाली बावीस छोटे फोटो शुभेच्छा देणाऱ्यांचे. जाहिरात छापून आली की सकाळी सातलाच फोन.

"झाडेभाऊ, माहा फोटू त्या पप्प्याच्या खाली काऊन?"

"खाली नाई जी, बाजूले आहे. तिरपं दिसून राह्यलं."

"पट्टी लावून पाह्यली मी. एक सूत खाली आहे."

बाबा फुटपट्टी घेऊन खरंच मोजतात आणि एक सूत खाली निघतं.

त्यांच्या बोलण्याच्या तीन तऱ्हा आहेत. नागपूरच्या ऑफिसशी पुस्तकातली मराठी, "मजकूर पाठवत आहे, कृपया तपासून घ्यावा." सेठ लोकांशी हिंदी, "हो जाएगा सेठजी, बिल्कुल हो जाएगा." आणि घरी आल्यावर, बूट न काढता दिवाणावर पाय लांब करून, "अवं, पाणी दे वं." तिसरी तऱ्हा सगळ्यात कमी वापरतात. घरी आल्यावर बोलण्याइतका जीवच उरलेला नसतो. आई म्हणते, "दिवसभर जगाशी बोलते मानूस, अन् माह्यासाठी फक्त पाणी दे."

या पंचवीस वर्षांत बाबांचं सगळ्यात जुनं अकाउंट म्हणजे हिंगणघाटची एक जिनिंग. नाव लिहीत नाही, बाबा नको म्हणाले. शेतकऱ्यांचा कापूस तिथं मोजून घेतात, सरकी वेगळी करतात, गाठी बांधतात. तिथले मोठे सेठ होते तोवर बाबांना बसावं लागत नसे. ते लांबूनच ओरडायचे, "अरे झाडे, आओ आओ, चाय पिओ, फिर रोना रोओ." जिनिंगसाठी बाबांनी एक ओळ लिहिली होती, 'काटा सरळ, बोलणं सरळ.' वायगावपासून हिंगणघाटपर्यंत कितीतरी भिंतींवर ती निळ्या रंगात अजून आहे. बाबांनी आयुष्यात हजारो जाहिराती लिहिल्या असतील, पण रस्त्यानं जाताना ते एवढी एकच वाचतात.

मोठे सेठ गेल्या वर्षी वारले. धाकटे अंकितसेठ पुण्याहून शिकून आले आणि गादीवर बसले. म्हणजे गादी काढली आणि फिरती खुर्ची आणली.

यंदा दिवाळीच्या आधी त्यांनी बाबांना बोलावलं. "झाडेजी, रिस्पेक्ट है आपकी. पर पेपर-वेपर अब कौन पढता है यार? मैं पुणे की एक टीम से बात कर रहा हूं. रील्स, इन्फ्लुएन्सर, पूरा पॅकेज. फिर भी, इस साल की ओपनिंग आप करो. मजा आया तो कंटिन्यू, नही आया तो देखते है."

त्याच संध्याकाळी नागपूरहून जागृती मॅडमचा फोन आला. त्या एजन्सीच्या मालकांच्या कन्या, सगळं आता त्याच पाहतात. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता कारण त्यांच्या फोनचा कानाकडचा आवाज गेलेला आहे.

"झाडे सर, मी अगदी स्पष्ट बोलते हं. जिनिंगचं अकाउंट गेलं, तर वर्ध्याला वेगळी शाखा कशासाठी, असा प्रश्न आपल्यापुढे येणार ना?"

"हो मॅडम."

"म्हणजे तुम्हाला काढणार वगैरे नाही हं. तुम्ही नागपूरला या. बॅक ऑफिसला माणूस हवाच आहे. एसी आहे, बसून काम आहे."

"हो मॅडम."

"रोज ट्रेननं किती लोक अप-डाउन करतात!"

"हो मॅडम."

एकच 'हो मॅडम', पण तिन्ही वेळा वेगळ्या चालीत. शेवटचा तर कोणी पायरी चुकून बसावं तसा आला. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "बसून काम आहे तं चांगलंच आहे नं." बाबा म्हणाले, "तिथं माह्या ओळखीचं कोण आहे?"

एवढीच गोष्ट होती. ते अकाउंट राहिलं तर वर्धा राहील.

जिनिंगची ओपनिंग म्हणजे दिवाळीनंतरच्या पंचमीचा मुहूर्त. त्या सकाळी काटापूजन होतं. गेटपाशी रांगेत जी गाडी पहिली, तीच पहिली वजनकाट्यावर चढते. काट्याची पूजा, गाडीची पूजा, आणि त्या शेतकऱ्याला फेटा, दुपट्टा, नारळ. या मानासाठी लोक आदल्या दिवसापासून येऊन उभे राहतात. पंधरा-सोळा वर्षं हा मान वायगावकडचे नत्थूजी कोल्हे यांचाच. त्यांचा ट्रॅक्टर आदल्या दिवशी सहा वाजता गेटवर हजर. त्यांच्यापुढं जायची कोणाची इच्छाच व्हायची नाही, लोकांना ते मंदिरातल्या पुजाऱ्यासारखे वाटायचे. बाबा दर वर्षी आदल्या संध्याकाळी हिंगणघाटला जायचे, रांग पाहायचे, पहिल्या पाच जणांची नावं वहीत उतरवायचे. मुहूर्ताचा फोटो निघाला की दुसऱ्या दिवशी जाहिरात, 'हंगामाचे पहिले मानकरी'.

अंकितसेठना दुसऱ्या दिवशी नको होती. "दूसरे दिन क्या, बासी हो गया ना! मुझे उसी सुबह चाहिए. किसान पेपर खोलेगा, आज का मानकरी, बूम! एकदम लाइव्ह फील."

"पर सेठजी, सुबह कौन पहला रहेगा, वो रात को छापेंगे कैसे?"

"वो नत्थू अंकल ही तो रहते है हर साल."

ते खरं होतं. म्हणून बाबा तीन दिवस आधीच फेटा घेऊन नत्थूजींच्या वावरात गेले. मला सुट्टी होती, मीही गेले. कापसाच्या पराटीत उभं करून फोटो काढायचा होता. नत्थूजींनी आधी दाढी करून घेतली, मग म्हणाले, "अंकुशभाऊ, हार नोका घालू. जित्या मानसाच्या फोटूत हार बरा नाई दिसत."

"हार नाई जी, फेटाच आहे."

"गुलाबी?"

"सेठजीनं सांगतला."

"मंग असू द्या. बुढी हासन, पण असू द्या."

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सकाळपासून अंकितसेठ डिझाइन बदलत होते. फेटा अजून गुलाबी करा. मागं सूर्य टाका. सूर्य काढा. अक्षरं सोनेरी करा. दर वेळी नागपूरला फोन, दर वेळी नवा नमुना, दर वेळी "ऑलमोस्ट, झाडेजी." आठव्यांदा "ओके" आला तेव्हा पाच वाजले होते. साडेपाचला मजकूर गेलाच पाहिजे होता. हिंगणघाटला जाऊन रांग पाहून यायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर बाबांच्या अंगात तेवढी ताकदही नव्हती. त्यांनी नत्थूजींना फोन लावला.

"निघाले का जी?"

"निघालो नं! पोहचतोच."

बाबांनी डोळे मिटून 'पाठवा' दाबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रांग न पाहता नाव छापलं.

पंचमीला सकाळी आम्ही हिंगणघाटला पोचलो तर गाड्यांची रांग हायवेपर्यंत लागलेली. अंकितसेठनी पेपरचे गठ्ठे मागवून रांगेत वाटले होते. प्रत्येकाच्या हातात नत्थूजी, अर्ध्या पानाचे, गुलाबी फेट्यात. गेटच्या अगदी तोंडाशी एक पिकअप उभी होती, कापसानं भरलेली, वर जुन्या साड्या बांधलेल्या. बाजूला तीन दगडांची चूल, त्यावर चहा. चहा एक बाई ढवळत होती, साठीच्या आसपासची. जवळ तिची सून, चौकीदाराच्या खोलीत मोबाईल चार्जिंगला लावून दारात बसलेली. दोघी आपसात गोंडीत बोलत होत्या.

पिकअपच्या मागं नत्थूजींचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या मागं, ट्रॉलीला टेकून, नत्थूजी उभे. पेपर त्यांनी घडी करून बगलेत लपवला होता.

बाबा तिथंच थांबले. "नत्थूजी, तुम्ही तं निघालो म्हंतलं!"

"निघालोच होतो नं. इथं आलो तं बाई पयलेच उभी. परवापासून आहे म्हंते. आता बाईमानसाच्या पुढं ट्रॅक्टर कसा घालू?"

"मंग फोन नाई कराव का?"

"तुम्ही इचारलं, निघाले का. मी सांगतलं, निघालो." मग बगलेतला पेपर चाचपत, "फोटू मात्र फस्कलास आला."

तेवढ्यात रांगेतल्या कोणीतरी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "यंदाच्या हंगामाचे पयले मानकरी, श्री नत्थूजी कोल्हे! अवं भागाबाई, तू तं पेपरात नाईच!"

भागाबाईनं ढवळणं थांबवलं. "नाई? मंग मी इथं दोन दिवसापासून काय भूत उभी आहो?"

लोक हसले. ती नाही हसली. उठून नत्थूजींकडे गेली. "काहो भाऊ, तुमी माह्या मांगं आहा नं?"

"हो बाई, मांगंच आहो. मांगंच राह्यतो."

"मंग पेपरवाल्याले कोनं सांगतलं?"

नत्थूजींनी बाबांकडे पाहिलं. मग चौकीदारानं पाहिलं. मग सगळ्यांनीच. बाबांच्या गळ्यात ओळखपत्र, हातात माईक. दर वर्षी काटापूजनाची घोषणा तेच करतात.

अंकितसेठ आले, मागं पुण्याचा एक मुलगा मोबाईल काठीला लावून शूटिंग करत. सगळं ऐकून घेतल्यावर ते बाबांच्या कानाजवळ आले, पण त्यांचं हळू बोलणंही चार गाड्यांना ऐकू जातं. "झाडेजी, सिंपल है. ट्रॅक्टर आगे लो, पूजा, फोटो, फिर बाई. दो मिनट का काम. पेपर में छप गया है ना, अब गलत कैसे दिखाएंगे? बाई को साडी दे देंगे."

भागाबाई म्हणाली, "साडी आहे मले. पोराच्या लगनातली अजून घडी मोडली नाई. माहा नंबर पायजे."

"बाई, समझो ना..."

"दर साली आमच्या गाडीले मांगं ढकलते. याची ओळख, त्याची ओळख. आमचा बुढा, सोनबा उईके, काई बोलत नाई, गरीब मानूस. म्हून यंदा मीच आली. परवा आली, इथं सैपाक केला, इथं झोपली." तिनं जिनिंगच्या कंपाउंडकडे हात केला. "माही सून शिकली आहे. तिनं वाचून दाखोलं मले, भिताडावर काय लिवलं ते. मंग?"

भिंतीवर काय लिहिलं होतं ते मला वाचायची गरज नव्हती. बाबांना तर नव्हतीच.

नत्थूजी पुढं आले. "अंकुशभाऊ, तुम्ही म्हणान तं मी घेतो ट्रॅक्टर पुढं. नाई म्हणान तं उभाच आहो. तुमचं काम बिघडू नाई."

नत्थूजींना बाबांच्या शाखेचं माहीत होतं, त्या दिवशी वावरात बाबांनीच सांगितलं होतं. बाबांनी नुसतं "या पुढं" म्हणायचं होतं. अंकितसेठ घड्याळाकडे पाहत होते, मुहूर्त टळत होता. बाबांनी चष्मा काढला, शर्टानं पुसला, परत लावला. चांगला स्वच्छच होता. मग माईक चालू केला. तो आधी किंचाळला, मग बाबा बोलले. त्यांचा घोषणेचा आवाज एरवी भरदार असतो, 'उपस्थित सर्व शेतकरी बंधू-भगिनींचे' वगैरे. तो आलाच नाही. घरचा आवाज आला.

"आयका हो. पेपरात जे नाव छापलं ते मी छापलं. सेठजीनं नाई, नत्थूजीनं नाई. काल इथं येऊन रांग पाहाव लागत होती, मी आलो नाई. चूक माही आहे. पयली गाडी भागाबाई सोनबा उईके याईची आहे. काट्यावर तेच गाडी घ्या."

टाळी पहिली नत्थूजींनी वाजवली, ट्रॉलीच्या पत्र्यावर. मग रांगेतून वाजत गेली, हायवेपर्यंत. पिकअप काट्यावर चढली. भटजींनी काट्याला कुंकू लावलं, भागाबाईनं चाकाला. फेटा आणला तर ती म्हणाली, "फेटा नोको बावा, दुपट्टाच द्या. नारळ मात्र मोठा पाहून द्या." पुण्याच्या मुलानं काठी खाली घेतली होती. सून आपल्या मोबाईलवर फोटो काढत होती.

अंकितसेठ बाबांना म्हणाले, "नो प्रॉब्लेम, झाडेजी." आणि जाता जाता परत, "नो प्रॉब्लेम."

"सेठजी, कल शुद्धिपत्र डाल दूं? चार लाइन का?"

"छोडो ना. कौन पढता है."

परतताना वायगावला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "बाबा, नत्थूजीले पुढं घेतलं असतं तर?"

"तं काई नाई. पुढच्या साली भागाबाई चार दिवस आधी आली असती."

"अन् आपलं?"

"आपलं आपल्याले समजतेच आता."

समजायला तीन आठवडे लागले. कोणी रागावलं नाही, कोणी काही बोललं नाही, फक्त जिनिंगचं काम यायचं थांबलं. बाबांनी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा कोणी मुलगी म्हणाली, "सर मीटिंगमध्ये आहेत." मग जागृती मॅडमचा फोन आला. त्या खरंच हळहळल्या. "झाडे सर, माईकवर बोलायची गरज होती का हो? हळूच बाजूला घेऊन सांगता आलं असतं ना." बाबा म्हणाले, "हळू सांगून ऐकू येत नाही मॅडम, तिथं खूप गाड्या असतात." आणि मग, "एक तारखेपासून येतो."

जानेवारीत माडीवरची खोली रिकामी झाली. टेबल जोडेवाल्यानं ठेवून घेतलं. एक खुर्ची आमच्याकडे आली, दुसरी रूपराव काकांनी नेली.

आता बाबा रोज सकाळी ट्रेननं नागपूरला जातात. पहिल्याच दिवशी त्यांना गोंदियाच्या एका जाहिरातीतल्या आडनावाची शंका आली. त्यांनी फोन उचलला तर शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, कॉल नका करू. मेल टाका." बाबांनी मेल टाकला. चार तासांनी उत्तर आलं, 'ओके'. त्या 'ओके'त माणूस हो म्हणतो आहे, चिडला आहे की नुसता कंटाळला आहे, हे बाबांना समजेना. त्यांनी आडनाव होतं तसंच ठेवलं.

मॅडम खोट्या नाहीत. एसी आहे, बसून काम आहे, चहा मशीनचा आहे. तिथं बाबांना कोणी "उद्या येजा" म्हणत नाही, कारण बाबांना कुठं जायचंच नसतं. फोटो कोणाचा वर, कोणाचा खाली, ते कॉम्प्युटर ठरवतो आणि कोणी पट्टी लावून मोजत नाही. मोजलं तरी फोन बाबांना येत नाही.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी ते घरी आले, बूट काढले, जागच्या जागी नीट ठेवले. हात-पाय धुतले. आईनं चहा टाकला आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "थकले का जी?"

"नाई वं. काईच केलं नाई, तं थकीन कायले?"

आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते शाखेतून आणलेल्या खुर्चीवर, चष्म्यासकट, झोपले होते.